जहाजाचे पैसे आगाऊ

धुळे, २१ नोव्हेंबर १९९४

चि. कंचन,

आशीर्वाद. तू घेशील की नाही माहीत नाही, मी देतो आहे.

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'मी मजेत आहे. आज्ञापत्राचा विचार व्हावा.' दोन वर्षांत जेवढी कार्डं आली त्या सगळ्यांवर हीच दुसरी ओळ. छापूनच घे, शाई तरी वाचेल. दीक्षा घ्यायची तर आई-बापाची लेखी परवानगी लागते आणि त्या कागदाशिवाय तुझ्या गुरुणीजी तुला दीक्षा देणार नाहीत. हा नियम ज्याने कुणी केला त्याला मी रोज सकाळी हात जोडतो. दोन वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा सांगितलं होतं, आज पुन्हा लिहितो: मी सही करणार नाही. पुन्हा लिहायची गरज नव्हती, पण आज सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी दुकानात नेरकडचं एक कुटुंब आलं होतं, लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला. पोरगी एकेक डबा उचलून, वाजवून, बाजूला ठेवत होती. आई म्हणाली, एवढं कशाला. बाप म्हणाला, "शेटजी, बठ्ठं दी टाका. पोरनं मन मोडाले नको." मी सगळी भांडी काढून नावं कोरायला बसलो. तीन पातेल्यांवर नाव घातलं आणि चौथ्यावर हात चालेना. भांडेवाल्याची एकुलती एक पोरगी उद्या लाकडी पात्रात घरोघरचं मागून खाणार, हे माझ्या डोक्यातून जातच नाही. तुझ्यासाठी म्हणून बाजूला काढलेली भांडी अजून माळ्यावर आहेत. तुझी आई म्हणते विकून टाका. विकत तर नाहीच, पण पुसायलाही कुणाला हात लावू देत नाही.

चातुर्मास संपला, आता तुम्ही सगळ्या जळगावहून पायी निघाल असं रुपचंदजी म्हणाले. आपल्या गल्लीत शास्त्राचं काही अडलं की सगळे त्यांनाच विचारतात, म्हणून तेही न विचारता सांगतात. ते म्हणाले, वैरागणीच्या मनात काही हौस राहिली असेल तर दीक्षेआधी घरच्यांनी पुरवावी, असा रिवाज आहे. मालेगावच्या एकाने मुलीला काश्मीरला नेलं. एकाने मुंबईच्या सगळ्या हॉटेलांतलं आइस्क्रीम खायला घातलं.

ठीक आहे. रिवाज तर रिवाज. तुझी काय हौस आहे ते लिही. खरं लिही.

तुझा,
भाऊ

•

धुळे, ३ डिसेंबर १९९४

चि. कंचन,

'काही हौस नाही.' हे तुझं उत्तर. चोवीस वर्षांच्या मुलीला काही हौस नाही. लहानपणी खाण्यापिण्यासाठी दुकानाच्या पायरीवर हातपाय आपटायचीस ती कोण होती मग?

तू सांगत नाहीस तर मी ठरवतो. आपण जहाजाने लक्षद्वीपला जाऊ. तू, मी आणि तुझी आई. कोचीनच्या बंदरातून जहाज निघतं, रोज एका बेटावर थांबतं, रात्री जहाजातच झोपायचं. पाच दिवसांनी परत कोचीनला. जानेवारीत समुद्र शांत असतो म्हणतात.

आग्रा रोडवर धनसिंगने यात्रेच्या गाड्यांचं ऑफिस काढलंय, तो आता जहाजाचंही बुकिंग घेतो. भिंतीवर निळ्या पाण्याचं मोठं चित्र लावलंय आणि त्याच्याखाली बसून वडापाव खातो. त्याने समजावलं, जहाजाचं तिकीट वेगळं. बेटावर न्यायची होडी वेगळी. काचेच्या तळाची होडी असते, तिच्यातून खालचे मासे दिसतात, तिचे वेगळे. आपलं कांदा-लसणाशिवायचं जेवण, तेही वेगळं. आणि सगळं आगाऊ. मी विचारलं, जहाजात बसल्यावर दिले तर? तो म्हणाला, "शेटजी, आठेच भरी टाका. तठे समुद्रमा कोनी दुकान नही शे."

तुला माहीत आहे, मी आयुष्यात कुणाला आगाऊ दिलेलं नाही. मुरादाबादच्या व्यापाऱ्याला नाही, दूधवाल्याला नाही. माल दिसला की पैसा. त्याला म्हटलं, विचार करून सांगतो. पण तिकिटांपुरते तिथेच देऊन आलो. पावती खिशात आहे. परत मिळत नाहीत म्हणे, काही झालं तरी.

तेव्हा आता नाही म्हणू नकोस. समुद्र पाहिलेला बरा असतो, एवढंच माझं म्हणणं आहे. दुसरं काही मनात नाही.

नशिराबादच्या पत्त्यावर पाठवतो. तिथून पुढे गेल्या असाल तर कुणीतरी पोचवेल.

भाऊ

•

धुळे, १४ डिसेंबर १९९४

कंचन,

'येईन.' एवढंच लिहिलंस, पण मी ते कार्ड तुझ्या आईला तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, एका शब्दात एवढं वाचण्यासारखं काय आहे. तिला काही कळत नाही. आज्ञापत्राची ओळ या कार्डावर नाही. मी उलटसुलट करून पाहिलं.

गुरुणीजींना विचारलंस तेव्हा त्या फक्त 'जहासुहं' म्हणाल्या, असं रुपचंदजींकडून कळलं. तुला सुख वाटेल तसं कर. मला वाटलं होतं त्या अडवतील. अडवलं असतं तर भांडायला तरी मिळालं असतं.

कार्ड आलं आणि मी दुकान उघडं टाकून धनसिंगकडे गेलो. सगळं भरून टाकलं. काचेची होडी, तिघांची. तिन्ही बेटांवर उतरायचं, तिघांचं. वाळूत बसायला छत्री आणि खुर्च्या. शहाळी. मग जेवणाचं आलं. जहाजावर रात्रीचं जेवण आठ वाजता. मी म्हटलं, माझी पोरगी सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाही, आठ वाजता तिला कोण जेवू घालणार? तो म्हणाला, मग तुमचं टेबल वेगळं मांडावं लागेल, त्याचे वेगळे भरा. भरले. बटाटा नको, गाजर नको, मुळा नको. त्याचेही भरले. पाणी उकळलेलं हवं. पाणी उकळायचे पैसे लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, पण तेही भरले. तिथे सूर्य किती वाजता मावळतो ते विचारलं. त्याने ट्रंककॉल लावून कोचीनला विचारलं आणि त्या फोनचेही माझ्याकडूनच घेतले.

शेवटी तो म्हणाला, शेटजी, एवढं तर नवऱ्यामुलाकडचेही मागत नाहीत. मला राग आला, पण त्याने चहा मागवला म्हणून बसलो.

आता एक सांगून टाकतो, नाहीतर मला झोप येणार नाही. मी जहाज का निवडलं? काश्मीरला नेलं तर तू गाडीतून उतरून परत येशील. मुंबईला नेलं तर तिथल्या जैन स्थानकात साध्वींजवळ जाऊन बसशील. जहाजातून उतरून कुठे जाणार? पाच दिवस तू, मी आणि तुझी आई. ना व्याख्यान, ना प्रतिक्रमणाची घंटा, ना पांढरे कपडे. पाच दिवस तुला चांगलं खायला घालायचं, चांगलं दाखवायचं आणि समोर बसून विचारायचं, हे सोडून जायचंय तुला? माझ्यावर चिड हवं तर. पण ये.

भाऊ

•

धुळे, २७ डिसेंबर १९९४

कंचन,

जामनेरला पोचलीस असं कळलं. तिकडे थंडी जास्त असेल. शाल पाठवली असती, पण तू एकच ठेवतेस म्हणे.

आज एक सहज शंका विचारतो. तू आता शास्त्र शिकतेस, म्हणून. समज एक माणूस आहे. व्यापारी. बऱ्याच वर्षांपूर्वी संवत्सरीच्या दिवशी तो स्थानकात बसला होता. महाराज म्हणाले, आज प्रत्येकाने एक गोष्ट जन्मभरासाठी सोडा. कुणी बटाटा सोडला, कुणी तंबाखू. एकाने रागावणं सोडलं, ते त्याला दुपारपर्यंतही जमलं नाही. या माणसाची पाळी आली. त्याला उपास सोसत नाही, चहा सुटत नाही. आपल्या गावाला ना समुद्र ना बंदर. तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, महाराज, जहाजात बसण्याचा त्याग, जन्मभर. सगळं स्थानक हसलं. महाराज हसले नाहीत. त्यांनी त्या त्यागाचं रीतसर पच्चखाण दिलं, त्याने मान लववून घेतलं आणि घरी येऊन विसरला.

आता अशा माणसाला काही कारणाने जहाजात बसायची वेळ आली तर? गमतीत घेतलेल्या नियमाचं काय? नंतर गुरूंकडे प्रायश्चित्त घेतलं तर भागतं का? सवडीने लिही. घाई नाही.

भाऊ

ता. क. तो माणूस मीच आहे, हे तुला तिसऱ्या ओळीतच कळलं असेल. तू तेव्हा शाळेत होतीस. मला खरंच आठवत नव्हतं. काल तुझी आई प्रवासासाठी कपाटातून कपडे काढत होती, एकदम थांबली आणि म्हणाली, "तुमचा तर जहाजाचा त्याग आहे ना हो?" बायकांच्या बाजूला बसून तिने ऐकलं होतं. एवढे दिवस हिच्यासमोर मी पावत्या नाचवतो आहे आणि हिला आता आठवतं. मी खूप बोललो तिला. ती म्हणाली, आठवलं ते बोलले, आता जिभेला काय करू.

•

धुळे, ६ जानेवारी १९९५

कंचन,

'आगार ठेवला होता का?' एवढाच प्रश्न विचारलास. बापाने चार पानं लिहावीत आणि मुलीने एक ओळ.

नाही ठेवला. नियम घेताना, आजारपणात चालेल, संकटात चालेल, अशी सूट आधीच सांगून ठेवायची असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. भांड्याचं बिल करताना मी दहा अटी घालतो. पोचा पडला तर जबाबदारी नाही, कल्हई उडाली तर नाही. आणि महाराजांसमोर एकही अट घातली नाही, कारण वाटलं, याला अट कशाला. याच्याइतका स्वस्त नियम अख्ख्या स्थानकात कुणी घेतला नव्हता.

रुपचंदजींकडे गेलो. त्यांनी पोथी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, पारसमलजी, मोडायचा तर मोडा, प्रायश्चित्त आहे. पण मोडून मग तोडगा काढू, असं आधीच ठरवून गेलात तर त्याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत. मी म्हटलं, मग काय म्हणतात? ते म्हणाले, ते तुम्हीच सांगा.

धनसिंगकडेही गेलो. तुमचं एकट्याचं तिकीट रद्द करू, पण परत काही मिळणार नाही, होडीचं नाही, जेवणाचं नाही, असं तो म्हणाला. पैशाचं मला काही नाही. मला तिथे यायचं आहे. एवढं सगळं मी कशासाठी केलं? तुम्ही दोघींनी जाऊन मासे पाहावेत म्हणून?

मी येणार. हे पक्कं. पाप लागलं तर लागलं, माझं मी बघेन. तुझी आई ऐकून घेते आणि पोळ्या लाटत राहते. दिवसभर मी दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसतो आहे. काल एका बाईला कळशी दाखवता दाखवता म्हणालो, घ्यायची नसेल तर राहू द्या. ती बिचारी घ्यायला तयार होती.

सोळा तारखेला सकाळी मुंबई स्टेशनवर भेट. तुला जळगावहून सोडायला कुणी येणार असेल तर त्यांना फलाटावरूनच परत पाठव. मला कुणाशी बोलायचं नाही.

भाऊ

•

कोचीन, १९ जानेवारी १९९५

कंचन,

हे पत्र टाकायचं कुठे ते माहीत नाही. जहाजावर पोस्टमन येत नाही. तरी लिहितो, कारण लॉजच्या खोलीत भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं.

काल जे झालं ते तू पाहिलंस, पण आतून पाहिलं नाहीस. मी ठरवून आलो होतो. गाडीत दोन दिवस तुझ्यासमोर बसलो, तू बारीक झालीस, पायांना भेगा पडल्या आहेत, हे पाहिलं आणि माझं आणखी पक्कं झालं. बंदरावर जहाज पाहिलं तेव्हा आपल्या पाटबाजाराएवढं वाटलं. तुझी आई कठडा धरून वर गेली. मग तू. मग मी. मागे सामानवाला ओरडत होता, त्याच्या भाषेत चला चला म्हणत असणार. फळीवर एक पाऊल ठेवायचं होतं. मी पाय उचलला. आणि पुढे पडेना.

देव आठवला, महाराज आठवले, असं काही झालं नाही. स्थानकातलं ते हसणं तेवढं आठवलं. तेव्हा मीही हसलो होतो. मला वाटलं, आता मी चढलो तर ते सगळं खरंच थट्टेचं होईल. मी काय काय थट्टेचं केलंय ते मग मला मोजत बसावं लागेल. मी मागे सरलो. लोक माझ्या अंगावरून पुढे गेले.

तू वळून पाहिलंस. मी म्हणालो, पोट बिघडलंय, तुम्ही जा. तू एक पायरी खाली आलीस आणि म्हणालीस, "भाऊ, चला ना." मी मान हलवली. तू परत म्हणालीस, "भाऊ, या ना." तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, लहानपणी शाळेच्या दारात सोडून निघालो होतो तेव्हा असा होता. मी पाठ फिरवली. तिथे उभा राहिलो असतो तर रडलो असतो, आणि भरबाजारात रडणारा माणूस मला कधी आवडला नाही.

२० जानेवारी

आज पहिलं बेट. दहा वाजता तुमची काचेची होडी. आता साडेदहा झाले, तुम्ही खाली वाकून मासे पाहत असाल. तुझी आई म्हणत असेल, किती जीव हे, आपल्या वजनाने मरतील. छत्रीखाली तीन खुर्च्या मांडल्या असतील. तिसऱ्या खुर्चीचे पैसे भरलेत, तिच्यावर कुणाला बसू देऊ नका. निदान पिशवी ठेवा.

लॉजमध्ये सगळीकडे मासळीचा वास. मी केळी आणि घरून आणलेल्या दशम्यांवर आहे. तिकडे माझ्या नावाचं बिनबटाट्याचं ताट येत असेल आणि परत जात असेल. वेटरला सांग, टाकू नका, कुणाला तरी द्या.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. मी समुद्र पहिल्यांदाच पाहतो आहे, खरं तर हौस माझीच असायला हवी होती. काही खास नाही. सारखा हलतो. एका जागी बसवत नाही त्याला, माझ्यासारखंच. सूर्य खाली जाताना घड्याळ पाहिलं. धनसिंगने सांगितलेली वेळ बरोबर निघाली. तुझं जेवण झालं असेल.

२१ जानेवारी

मी आज दिवसभर एकच विचार करतो आहे. तू तिथे हसत असशील का? हसत असशील तर माझं काम झालं. मी नसलो तरी झालं. उतरल्यावर मी काही विचारणार नाही. फक्त तोंड पाहीन, त्यावरून कळेल. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच मला कळतं, घेणारं की नाही.

मी इथे का बसलोय असं लॉजचा मालक रोज विचारतो. बायको-पोर जहाजावर आणि हा खाली. त्याला वाटतं, आमचं भांडण झालंय.

२२ जानेवारी

उद्या सकाळी जहाज येतं. दाढी करून ठेवली. शर्ट इस्त्रीला दिला. हे कागद तुला देणार नाही, घरी नेऊन ठेवीन. कदाचित देईन. माहीत नाही.

•

धुळे, ९ फेब्रुवारी १९९५

चि. कंचन,

कोचीनचे कागदही यातच टाकले आहेत. राहून गेले होते.

तू उतरलीस तेव्हा उन्हाने काळी झाली होतीस आणि हसत होतीस. तुझी आई दहा वर्षांनी लहान दिसत होती. तुला आठवतं का, सामान उचलायच्या आधीच तू सांगायला लागलीस. कासव पाहिलं. होडीच्या काचेवर तू पालथी पडून राहिलीस आणि होडीवाला म्हणाला, उठा, बाकीच्यांनाही बघू द्या. जेवण इतकं वाढत होते की तू रोज माझ्या ताटातलंही खाल्लंस. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, जिंकलो. खरं सांगतो, त्या धक्क्यावर मला नाचावंसं वाटलं.

मग गाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई वरच्या फळीवर झोपली होती आणि तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा कागदावर लिहू दे. नाहीतर मी दुकानात उभा असतो आणि ते सारखं वाजत राहतं.

तू म्हणालीस, "भाऊ, मी घरी परत यायचं ठरवून आले होते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो, जातोच आहोत घरी. तू म्हणालीस, तसं नाही, कायमचं. मग तू सांगितलंस की दिवाळीपासून तुझं मन लागत नव्हतं. पायाचे फोड नव्हे, भूक नव्हे, मनच. गुरुणीजींना ते दिसत होतं, त्या काही बोलल्या नाहीत. माझं जहाजाचं पत्र आलं तेव्हा तू ठरवलंस की जहाजावर पहिल्या संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर मला सांगायचं. तिथे ऐकायला कुणी नसेल. माझ्यासारखंच तूही जहाज त्याचसाठी धरलं होतंस. बाप-लेक एकाच गिरणीत दळलेले.

मी विचारलं, मग?

तू म्हणालीस, "मग तुम्ही चढलाच नाहीत."

मी म्हणालो, अगं, माझं काय घेऊन बसलीस, मी घाबरलो, मला तिथे लाज वाटली, त्यात धर्म-बिर्म काही नव्हतं. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "गमतीत घेतलेला नियम तुम्हाला मोडवला नाही, भाऊ. माझं तर गमतीतलं नव्हतं. पाच दिवस मी मजा केली, खूप केली, आणि पाच दिवस मला तुम्ही खाली उभे दिसत होता."

मी म्हणालो, मला आधी का सांगितलं नाहीस? मला माहीत असतं तर मी धावत चढलो असतो. तू म्हणालीस, "म्हणूनच नाही सांगितलं." आणि खिडकीबाहेर पाहायला लागलीस.

आता तू परत गुरुणीजींकडे गेलीस, आणि मला दिवसातून दहा वेळा तो पाय आठवतो. दुकानाची पायरी चढताना मी थांबतो. दुकानातला नोकर पुना विचारतो, शेटजी, काय झालं? काय सांगू त्याला? एक पाऊल पडलं असतं तर माझी पोरगी आज घरात असती. त्याचं प्रायश्चित्तही होतं, दोन-चार उपासांत भागलं असतं. मी दोन वर्षं तुला अडवत होतो, आणि तू येत होतीस तेव्हा मीच आडवा उभा राहिलो. मला स्वतःचा राग येतो. तुझाही येतो. मग वाटतं, रागावू कुणावर, तू माझंच पाहून शिकलीस. असं काही तुला शिकवायचा माझा अजिबात विचार नव्हता.

तुझ्या आईला मी चार दिवस सांगितलं नाही. मग सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलले नसते तर." एवढंच. तेव्हापासून ती एकसारखी भांडी घासते आहे, घासलेलीच पुन्हा घासते. मी म्हटलं, पानकुंवर, तुझा काय दोष, खरं ते बोललीस. ती म्हणाली, तुमचं खरं तुमच्याजवळ ठेवा, माझी पोर द्या. तिला कधी नावाने हाक मारत नाही मी. तीही दचकली.

मी सही करणार नाही, असं अजूनही म्हणू शकतो. आज्ञापत्राचा नियम माझ्या बाजूला आहे. रोज सकाळी उठून तसंच ठरवतो. पण मग तुला कोणत्या तोंडाने सांगू की घेतलेला शब्द सोड? मी माझा सोडला नाही, आणि तू तो पाहिलास. आता माझ्याकडे बोलायला काही राहिलेलं नाही. माझी इच्छा नाही, कंचन. इच्छा नाही आणि मी सही करतो आहे, हे दोन्ही तुला माहीत असू दे. गुरुणीजींना पहिलं सांगू नकोस.

आज्ञापत्र सोबत आहे. रुपचंदजींनी मजकूर लिहून दिला, 'आम्ही राजीखुशीने' असा शब्द आहे त्यात, तो मी काढायला सांगितला तर ते म्हणाले, त्याशिवाय चालत नाही. मग राहू दिला. माझी सही वर आहे. खाली तुझ्या आईची. तिने पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलंय. मी दुसरा कागद लिहून आणतो म्हणालो, तर ती म्हणाली, माझ्याच्याने पुन्हा होणार नाही.

तेव्हा आहे तसाच पाठवतो. फाटका कागद चालतो का, ते गुरुणीजींना विचार. चालत नसेल तर लगेच कळव.

तुझा,
भाऊ